बिनफोडणीचं घर

लग्न होऊन मी ज्या घरात आले, त्या घरात बाईमाणूस नव्हतं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. नणंद नाही, जाऊ नाही. बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात एका क्रॉसवरच्या, म्हणजे आडव्या गल्लीतल्या, त्या बसक्या घरात दोनच माणसं राहत होती, माझा नवरा श्रीकांत आणि त्याचे वडील. वडिलांना घरचे, शेजारचे, दूधवाला, पोस्टमन असे सगळेच अण्णा म्हणत. नागपूरला माझ्या आईला याचीच धास्ती होती. "घरात सांगणारी बाई नाही, अन् तिथं पोरगी द्यायची म्हणजे काय वो," असं ती बाबांपाशी कितीदा तरी बोलली. मला मात्र आतून बरंच वाटत होतं. मैत्रिणींच्या सासवांच्या गोष्टी ऐकून ऐकून मी पुरती घाबरलेली होते, आणि इथे तर सासूच नव्हती. अडचण आली ती भाषेची. अण्णांच्या घराण्याची तिसरी पिढी बंगळूरात होती. घरात मराठीच बोलत, पण त्या मराठीत कन्नड असं मुरलं होतं की वेगळं काढता येत नसे. अण्णा प्रत्येक गोष्टीवर "सरी, सरी" म्हणायचे. पहिल्या आठवड्यात मला कळेचना की यांना पावसाची एवढी काय आठवण येते. मग श्रीकांतने हसत सांगितलं, सरी म्हणजे ठीक आहे. पुढे माझ्याही तोंडात तो शब्द इतका बसला की नागपूरला गेले की बहिणी चिडवायच्या.

स्वयंपाकघर अण्णांचं होतं. एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात त्यांची सारी नोकरी झाली होती, आणि त्याच डोळ्यांनी ते भाजी निवडायचे. सासूबाई गेल्यावर मुलाच्या तोंडात घरचं अन्न पडावं म्हणून ते स्वयंपाक शिकले, आणि शिकता शिकता त्यात रमले. सकाळी फिरून आले की हातपाय धुऊन चुलीशी उभे राहत. त्या घरातला सगळ्यात ठसठशीत आवाज फोडणीचा होता. तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की हिंग, मग मिरची, आणि शेवटी ओला कढीपत्ता, जो पडला की चर्र होऊन घरभर वास जायचा आणि समोरच्या खोलीत पेपर वाचणारा श्रीकांत न सांगता उठून ताटं मांडायचा. मला नवी सून म्हणून लाज वाटायची. मी पदर खोचून आत गेले की अण्णा म्हणायचे, "तू स्वल्प बस गं. कॉफी घे. तुला सगळं आयुष्य पडलंय चुलीपुढं उभं राहायला." गोडा मसाल्याची आमटी आणि कानडी पद्धतीची कोरडी चटणीपुडी एकाच ताटात असायची, आणि दोन्ही त्यांना सारखीच आपली वाटायची.

दिवस गेल्याचं कळलं तेव्हा श्रीकांत ओरिसातल्या एका प्रकल्पावर होता. कंपनीने त्याला काही महिन्यांसाठी धाडलं होतं आणि तिथून फोन लागला तर लागायचा. मी सासऱ्यांना सांगायचं कसं या विचाराने दोन दिवस घुटमळले. शेवटी शेजारच्या सरोजक्कांना सांगितलं. सरोजक्का म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या कन्नड बाई. सासूबाईंच्या मैत्रीण असल्यामुळे त्यांना मराठी छान यायचं. त्यांनी कुंपणावरूनच अण्णांना हाक मारून सांगून टाकलं. अण्णा सरळ आत गेले आणि साजूक तुपातला शिरा केला. वाटी माझ्यापुढे ठेवताना त्यांचे डोळे भरलेले होते. मी पहिला घास घेतला आणि तशीच मोरीकडे धावले. आम्ही दोघंही हसलो. असं होतंच, असं त्यांनाही माहीत होतं, मलाही.

पण ते थांबेना. आठवडा गेला, दुसरा गेला, आणि सकाळचं ओकणं दिवसभराचं झालं. आधी जेवण गेलं, मग चहा-कॉफी गेली, मग भात, शेवटी पाणीसुद्धा ठरेना. वासांनी माझा जीव नकोसा केला. साबणाचा वास, उदबत्तीचा, धुतलेल्या चादरीचा. त्यातून थंडीचे दिवस, म्हणजे बंगळूरात अवरेकाळूचा हंगाम. हे पावट्यासारखे दाणे. त्यांच्या शेंगांच्या राशी रस्त्यावर पडतात, सालं चिकट तेलकट असतात, आणि त्यांचा उग्र वास त्या महिन्यांत साऱ्या गावाच्या अंगाला येतो. इथल्या माणसांना तो वास म्हणजे सण. मला खिडकीतून तो आला की पोटातलं पाणीही उलटून पडायचं. आणि फोडणी तर विचारूच नका. एके दिवशी तेलात मोहरी पडल्याचा नुसता आवाज ऐकून, वास पोचायच्या आत, मी पलंगाच्या कडेवरून खाली वाकले. अण्णा हातात झारा घेऊन दारात आले, माझ्याकडे पाहिलं, आणि परत जाऊन गॅस बंद केला. त्या दिवसापासून आमच्या घरात फोडणी पडली नाही. ज्या माणसाचा दिवस त्या चर्र आवाजाने सुरू व्हायचा, तो मागच्या अंगणात स्टोव्ह मांडून भात शिजवू लागला आणि ताक-मिठाशी कालवून तिथेच दगडावर बसून खाऊ लागला. सरोजक्कांनी तर त्या वर्षी अवरेकाळू घरात आणलेच नाहीत. पोरांनी फारच हट्ट केला तेव्हा बहिणीच्या घरी जाऊन करून आल्या. हे मला फार नंतर समजलं. कुणी कुणाला सांगून उपकार करायची रीत त्या क्रॉसवर नव्हती.

अण्णांनी काय काय करून पाहिलं नसेल! नाचणीची पातळ आंबील, लिंबाच्या फोडीला मीठ, बर्फाचे बारके खडे, सायकलवरून येणाऱ्या माणसाकडचं शहाळं, आल्याचा रस. चमच्याने थेंब थेंब द्यायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. थोडं राहिलं की "सरी" म्हणायचे, उलटलं की भांडं धुवायला न्यायचे. मी शरमेने मरून जायची. सासऱ्यांनी सुनेची ओकारी काढावी, हे आमच्या नागपूरच्या घरात कुणी ऐकलंही नसतं. "अण्णा, राहू द्या, मी धुते," मी म्हणायची, आणि उठायचं त्राण नसायचं. हातातल्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत चढायच्या. शेवटी सरोजक्कांनी त्या उतरवून ठेवल्या, काचेची एकच मागे ठेवली.

ज्याला त्याला विचारावं तो सांगे, होतं असं. आई फोनवर म्हणाली, "माझ्या वेळी नाही का झालं? तीन महिने सरू दे." तिला यायचं होतं, पण बाबांच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं आणि ती अडकलेली. जवळच्या नर्सिंग होममध्ये दोनदा नेलं. तिथल्या वयस्क डॉक्टरांनी ग्लुकोजची बाटली लावली, उलटीचं इंजेक्शन दिलं, एक दिवस बरं वाटलं, घरी आले, पुन्हा तेच. "पहिलटकरीण आहे, घाबरते," ते अण्णांना म्हणाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शंभरातल्या बहुतेक जणींना ते जे सांगत तेच खरं ठरत असणार. अण्णा मात्र घरी आल्यावर अंगणात येरझाऱ्या घालत राहिले आणि सरोजक्कांना कुंपणाशी बोलावून म्हणाले, "अक्का, श्रीकांतच्या वेळी हिच्या सासूला होत होतं ते मी बघितलंय. ती ओकायची आणि मग कैरी मागायची. ही काही मागतच नाही."

त्याच दिवसांतली एक दुपार मला स्वच्छ आठवते. अण्णा उशाशी बसून नागपूरहून आलेला जुना दिवाळी अंक वाचून दाखवत होते. त्यांचा उच्चार कानडी हेलाचा, जोडाक्षरांवर अडायचा. एरवी मला हसू यायचं. मध्येच मी म्हणाले, "अण्णा, मला हे मूल नको." बोलून झाल्यावर कळलं की बोलले. बाहेरून फुलवाली बाई "हूवा" अशी आरोळी देत गेली. मला वाटलं आता हे उठून जातील, किंवा असं बोलू नये म्हणतील, किंवा देवाचं नाव घेतील. त्यांनी अंक मिटला. ओला पंचा पिळून माझ्या कपाळावर ठेवला. "नको वाटणारच," ते म्हणाले. "एवढं सोसल्यावर कुणालाही नको वाटेल. त्यात तुझं काही चुकलं नाही." आणि अंक उघडून जिथे थांबले होते तिथून पुढे वाचायला लागले. आज इतक्या वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, मला आलेल्या-गेलेल्या किती मोठ्या माणसांची किती शहाणी वाक्यं आठवतात. पण अण्णांच्या त्या वाक्याने जेवढं सावरलं तेवढं दुसऱ्या कशाने सावरलं नाही.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. एका सकाळी जाग आली तेव्हा खिडक्या दोन होत्या. दारातून दोन अण्णा आत आले, दोघांच्या हातात पेला, आणि दोघंही तेवढ्याच काळजीने माझ्याकडे बघत होते. मी पेला घ्यायला हात पुढे केला तर तो हवेतच मिटला. "अण्णा, तुम्ही दोघं का आलात?" असं मी विचारलं म्हणे. ते मला आठवत नाही. मोरीकडे जाताना मी पाय फाकवून, भिंत धरून, होडीत उभ्या माणसासारखी चालत होते, हे सरोजक्कांनी सांगितलं. अण्णांना मी "बाबा" म्हणत होते आणि शाळेची रिक्षा आली का असं विचारत होते, हेही त्यांनीच सांगितलं. अण्णांनी मला खुर्चीत बसवलं, माझ्या डोळ्यांकडे बराच वेळ बघितलं आणि कुंपणाकडे गेले. "अक्का, ही अशक्तपणाची चाल नाही. डोळे जागेवर ठरत नाहीत हिचे. मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. आत्ता." कारखान्यातून निवृत्त झाल्यावर एवढ्या ठाम आवाजात ते पहिल्यांदाच बोलले असावेत, असं अक्का म्हणायच्या.

रिक्षात मी सरोजक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून होते. रिक्षावाला प्रत्येक गतिरोधकापाशी जवळजवळ थांबत होता. हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. नाव मी इथे लिहीत नाही, पण घरातल्या देवांना नमस्कार करताना कधी कधी तिचा चेहरा मध्ये येतो. तिने माझ्यापुढे बोट धरलं आणि हळूहळू एका बाजूला नेलं. माझे डोळे बोटामागे जाता जाता थरथरत मागे येत होते. तिने अण्णांकडे वळून विचारलं, "खाणं किती दिवस बंद आहे?" आता नवरा तिथे नव्हता, आई नव्हती. माझ्यासमोर साधे 'दिवस गेलेत' हे शब्द न उच्चारणाऱ्या अण्णांनी त्या परक्या बाईला सगळं सांगितलं. ओकारी दिवसातून कितीदा, रंग कसा, लघवीला किती होते, केव्हापासून कमी झाली, बोलण्यात काय काय चुकते, ग्लुकोज केव्हा केव्हा लावलं. अक्का म्हणाल्या, ते मान खाली घालून बोलत होते, कान लाल झाले होते, पण एक गोष्ट सोडली नाही. नर्स ग्लुकोजची बाटली टांगायला आली होती. डॉक्टरीणबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. "आधी थायमिन. मग ती."

नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. गर्भारपणातल्या साध्या उलट्या वेगळ्या आणि माझं होतं ते वेगळं. त्यात बाईच्या अंगात काही राहतच नाही. खाणं बंद पडलं की बी-वन, म्हणजे थायमिन, नावाचं जीवनसत्त्व काही आठवड्यांतच संपतं, आणि मेंदूला त्याच्यावाचून चालत नाही. डोळे, तोल, आठवण, सगळं ढळू लागतं. अशा वेळी नुसतं ग्लुकोज दिलं तर ते पचवायला उरलंसुरलं जीवनसत्त्वही खर्ची पडतं. वेळेवर भरून दिलं तर माणूस परत येतो. उशीर झाला तर काही जणी अर्ध्याच परत येतात.

मी परत आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडकी एक झाली. वॉर्डात पुरुषांना सोडत नसत, म्हणून अण्णा बाहेरच्या बाकावर होते. भेटीच्या वेळात ते आत आले तेव्हा मी नीट बघितलं, आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही दाढी केली नाही." ते पलंगाचा लोखंडी गज धरून उभे राहिले. "सरी," एवढंच शेवटी म्हणाले.

श्रीकांत गाड्या बदलत बदलत पोचला आणि वॉर्डाच्या दारातच रडायला लागला. त्याच्यामागून आई आली, बाबांना मावशीच्या हवाली करून. तिने मला बघितलं आणि "काहून एवढी वाळली गं माझी बाई," म्हणत पायाशीच बसली. घरी आल्यावर तिचा बेत मला नागपूरला न्यायचा होता. पहिलं बाळंतपण माहेरी, यात तिला शंकाच नव्हती. डॉक्टर एवढ्या लांबच्या प्रवासाला नको म्हणत होत्या हे खरं, पण ते पुढे करून मी सुटका करून घेतली नाही. मी म्हणाले, "आई, मला इथेच राहायचंय. तू राहा माझ्याजवळ." तिला लागलं. संध्याकाळी मागच्या अंगणात गेली तर अण्णा स्टोव्हपुढे बसून ताकभात कालवत होते. "अण्णासाहेब, हे असं किती दिवस चालून राहिलं तुमचं?" तिने विचारलं. "पोरीचं बरं होईतो," अण्णा म्हणाले, "तसा भात वाईट लागत नाही." आई आत आली, साडीचं गाठोडं सोडलं आणि कपाटात कपडे लावू लागली. व्याही आणि विहीण, दोघं मिळून अंगणात बिनवासाचा स्वयंपाक करायचे आणि मिठावरून वाद घालायचे. त्या वादाचे आवाज ऐकत मी झोपी जायची. आयुष्यात तितकी निर्धास्त झोप मला पुन्हा लागली नाही.

उलट्या पाचव्या महिन्यापर्यंत होत्याच, पण आता औषध होतं, रोजचं जीवनसत्त्व होतं, गरज पडली की दवाखान्यात जाऊन सलाईन घेणं होतं. चालणं मात्र नव्याने शिकावं लागलं. पाय कुठे पडतोय ते मला खाली बघितल्याशिवाय कळत नसे. सकाळी ऊन वर आलं की अण्णा माझा दंड धरून फाटकापर्यंत नेत, मग कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत, मग मार्केटच्या वळणापर्यंत. ओळखीची माणसं थांबून विचारायची आणि अण्णा म्हणायचे, "सून चालायला शिकतेय," जणू त्यात काही विशेष नव्हतं. अशाच एका सकाळी हातगाडीवर कापलेली काकडी दिसली, तिखट-मीठ लावलेली, आणि मी म्हणाले, "अण्णा, मला ती हवी." ते एवढे गडबडले की गाडीवाल्याने कन्नडमध्ये विचारलेलं त्यांना कळेना. मी रस्त्यात उभी राहून अख्खी काकडी खाल्ली आणि ती पोटात राहिली. बाबा तिकडे बरे झाले, पावसाळ्यात मुक्ता झाली. वजनाने थोडी कमी होती, पण आवाज खणखणीत. बाराव्या दिवशी घरात फोडणी पडली आणि आईसकट सगळ्यांना ठसका लागला.

मुक्ताला आजोबा चांगले मोठेपणापर्यंत लाभले. अण्णा गेले तेव्हा दिवसकार्य झाल्यावर सरोजक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. त्याही आता थकल्या होत्या. "एक गोष्ट तुला सांगितली नाही," त्या म्हणाल्या. "अण्णांनी सांगू नको म्हटलं होतं." हॉस्पिटलात पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी अण्णांना बाजूला नेलं होतं. औषधाचा गुण दोन दिवसांत दिसला नाही, तर गर्भ काढावा लागेल, घरच्यांनी मनाची तयारी ठेवावी, असं सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, तिला विचारा, शरीर तिचं आहे. डॉक्टर म्हणाल्या, ती सांगायच्या शुद्धीत नाही. तेव्हा अण्णा क्षणभरही थांबले नाहीत. "मग तिला वाचवा. श्रीकांतला काय सांगायचं ते मी सांगेन." दोन दिवस ते त्या बाकावर हे घेऊन बसले होते. पुढे नातीला खांद्यावर घेऊन फिरवताना, तिच्या वेण्या घालताना, पावसाथंडीत तिला शालीत गुंडाळून शाळेत पोचवताना, कधी एका शब्दाने बोलले नाहीत. आणि मला त्यांचे आभार मानायची संधी ठेवली नाही.

मुक्ता आता बंगळूरच्या पार दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला नोकरी करते आणि ट्रॅफिकला कंटाळून तिकडेच मैत्रिणींबरोबर राहते. माझ्या आठवणींचं हे प्रकरण लिहायला घेण्याआधी, ती रविवारी घरी आली तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. तिचं आहे, तिला कळायला हवं असं वाटलं. ती पाय वर घेऊन खुर्चीत बसली होती. ऐकून झाल्यावर तिने पाय खाली घेतले.

"म्हणजे आजोबांनी तुला निवडलं. मला नाही."

"हो," मी म्हणाले. खोटं कशाला सांगू?

तिने माझ्याकडे बघितलं, आजोबांसारखीच, भुवई वर करून.

"बरोबर केलं त्यांनी," ती म्हणाली. "मीही तेच सांगितलं असतं."